खेळातून निघालेल्या कादंबऱ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या जगांत घडणाऱ्या अद्भुत कादंबऱ्या १९७८ पासून आजपर्यंत शेकड्यांनी निघाल्या. त्यांतल्या थोड्या वाचकांनी जपून ठेवल्या आणि बऱ्याच एकदा वाचून बाजूला पडल्या. पुढील प्रश्न मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकांविषयी आहेत. काही उत्तरांत कथानकांचे शेवट उघड केलेले आहेत, याची नोंद घ्यावी.

मुळात हा खेळ कसा असतो, आणि त्यातून कादंबरी कशी निघते?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून 'टीएसआर' या कंपनीने प्रकाशित केला. चारसहा जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो, 'डन्जन मास्टर' हा सूत्रधार प्रसंग उभा करतो, आणि पात्राने योजलेली कृती साधली की फसली याचा निर्णय फाशांवर होतो. अशा खेळासाठी जग लागते: नकाशे, राज्ये, देवदेवता, राक्षस, इतिहास. हे जग कंपनी आधीच तयार करून विकत असते, तेव्हा त्याच जगात कथा लिहवून घेऊन तीही विकावी, हा विचार व्यापाराच्या दृष्टीने स्वाभाविक होता. ग्रेहॉक, ड्रॅगनलान्स, फरगॉटन रेल्म्स, रेव्हनलॉफ्ट आणि डार्क सन ही अशीच जगे आहेत आणि प्रत्येकाच्या नावावर कादंबऱ्यांची रांग आहे.

सर्वांत पहिली कादंबरी कोणती, आणि ती इतकी फिकी का वाटते?

आंद्रे नॉर्टन यांची 'क्वॅग कीप', १९७८. नॉर्टन तेव्हा अमेरिकी अद्भुत आणि विज्ञानकथेतल्या ज्येष्ठ लेखिका होत्या, आणि गायगॅक्स यांच्याबरोबर ग्रेहॉकच्या जगातला एक डाव खेळल्यानंतर त्यांनी हे पुस्तक लिहिले. आपल्या जगातले काही खेळाडू त्या दुसऱ्या जगात ओढले जातात, त्यांच्या मनगटांवर फासे जडवलेली कडी असतात, आणि संकट आले की ते फासे आपोआप फिरू लागतात.

कल्पना ऐकायला उत्तम आहे. मात्र पुस्तकात पात्रे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातात, फासे फिरतात, लढाई होते आणि पुढचा प्रवास सुरू होतो. आपल्या मूळ आयुष्याविषयी त्यांना फारसे काही वाटत नाही, त्यामुळे परक्या शरीरात अडकल्याची भीतीही वाचकापर्यंत पोहोचत नाही. पुढच्या चाळीस वर्षांतल्या बहुतेक निराशांचे मूळ या पहिल्याच पुस्तकात सापडते: खेळाचे साहित्य पानावर आले, परंतु खेळताना 'आता काय करायचे' या प्रश्नाने टेबलाभोवतीच्या माणसांना येणारा ताण मागेच राहिला.

'कादंबरी वाचताना फाशांचा आवाज ऐकू येतो' अशी तक्रार वाचक करतात. तिचा अर्थ काय?

नियमपुस्तकातली सोय कथेत निसर्गनियम म्हणून आली की ती तक्रार होते. या खेळाच्या जुन्या आवृत्त्यांत जादूगार सकाळी मंत्र पाठ करतो आणि मंत्र वापरला की तो त्याच्या स्मृतीतून पुसला जातो. ही कल्पना मूळची जॅक व्हान्स यांच्या १९५० सालच्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकातली, आणि तिथे ती गूढ व काहीशी विनोदी वाटते. खेळात तिचा उपयोग जादूगाराला आवर घालण्यासाठी झाला. मग ती कादंबऱ्यांत परतली तेव्हा अनेक लेखकांनी तिला केवळ हिशेब म्हणून वागवले: आज याच्याजवळ किती मंत्र उरले आहेत, एवढेच वाचकाला कळते.

जखमांचे तसेच. खेळात पात्राचे 'हिट पॉइंट', म्हणजे उरलेल्या प्राणशक्तीचा आकडा, शून्यावर येईपर्यंत ते पूर्ण ताकदीने लढू शकते आणि नंतर पुरोहिताच्या स्पर्शाने बरे होते. टेबलावर हे सोयीचे आहे, कारण जायबंदी पात्र घेऊन संपूर्ण संध्याकाळ काढणे कंटाळवाणे असते. पानावर मात्र पोटात तलवार गेलेला माणूस दुसऱ्या परिच्छेदात घोड्यावर बसतो, आणि त्यानंतर कोणत्याही तलवारीची वाचकाला धास्ती वाटत नाही.

याहून मोठी अडचण मृत्यूची आहे. नियमांत मेलेल्याला जिवंत करणारा मंत्र आहे आणि पुरेसा सामर्थ्यवान पुरोहित तो म्हणू शकतो. त्यामुळे जिवलग मित्र गेल्यावर नायक रडत बसतो तेव्हा नियम ठाऊक असलेला वाचक विचारतो की हे लोक सरळ मंदिरात का जात नाहीत. फारच थोड्या लेखकांनी या प्रश्नाला कथेतून उत्तर दिले. इतरांनी तो कुणाला सुचणार नाही अशी आशा धरली.

ड्रॅगनलान्सच्या कादंबऱ्या तर लाखो लोकांना आवडल्या. त्यांना निराशाजनक कसे म्हणता येईल?

सगळ्यांना म्हणता येणार नाही, आणि म्हणूनच ही मालिका या विषयात सर्वांत उपयोगी उदाहरण आहे.

मार्गरेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांची 'ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट' १९८४ मध्ये आली. तिच्यासोबतच खेळण्यासाठीच्या साहसपुस्तिकांची मालिका निघत होती, आणि पहिली कादंबरी त्या पुस्तिकांच्या मार्गावरून जवळजवळ पावलावर पाऊल ठेवून चालते. त्यामुळे सरायीत एकत्र जमलेला भला मोठा मित्रसमूह, भग्न नगरात उतरणे, मग दुसरा किल्ला, मग कैद्यांची सुटका, अशी ठिकाणांची यादी वाचकाच्या हाती येते. प्रत्येक प्रसंगात प्रत्येक सोबत्याला काहीतरी काम द्यावे लागते, कारण टेबलावर कुणालाही रिकामे बसवून चालत नाही.

दुसऱ्या पुस्तकात, म्हणजे १९८५ च्या 'ड्रॅगन्स ऑफ विंटर नाइट'मध्ये, उलटाच प्रकार होतो. खेळपुस्तिकांत असलेल्या काही मोठ्या मोहिमा, थोरबार्डिन या बुटक्यांच्या राज्यातली आणि हिमभिंतीच्या किल्ल्यातली, कादंबरीत घडतच नाहीत. त्या होऊन गेल्या असे वाचकाला ओझरते सांगितले जाते. पहिल्यांदा वाचणाऱ्याला मधले एखादे पुस्तक आपल्याकडून सुटले की काय अशी शंका येते. या गाळलेल्या जागा भरणारी पुस्तके २००६ पासून पुढे निघाली, म्हणजे दोन दशकांनंतर. तरीही याच दुसऱ्या भागात स्टर्म या सरदाराचा मृत्यू आहे, आणि तो खरा मृत्यू आहे. त्याला कुणी परत आणत नाही, त्याच्या सोबत्यांना त्याचे ओझे वागवावे लागते. मालिकेला वाचकांचे प्रेम मिळाले ते अशा पानांमुळे, असे माझे मत आहे.

१९८६ ची 'लेजेंड्स' ही तीन पुस्तके मात्र खेळपुस्तिकांच्या मागे चालत नाहीत. रेस्टलिन हा खोकणारा, कडवट, महत्त्वाकांक्षी जादूगार आणि त्याचा धिप्पाड, भाबडा जुळा भाऊ कॅरामन यांच्याभोवती ती फिरतात. ठिकाणांची यादी संपली आणि दोन भावांमधला पेच उरला, तेव्हा याच दोन लेखकांचे लेखन एकदम वरच्या पातळीवर गेलेले दिसते. मंत्र पाठ करण्याचा तोच नियम रेस्टलिनच्या बाबतीत त्याच्या शरीराने मोजलेली किंमत होऊन येतो. तेव्हा नियमांमुळे कादंबरी बिघडतेच असे नाही, हेही येथे मान्य करावे लागते.

मग पुढे ड्रॅगनलान्सचे काय बिनसले?

१९९५ च्या 'ड्रॅगन्स ऑफ समर फ्लेम'मध्ये देव जग सोडून गेले, आणि १९९६ मध्ये कंपनीने त्याच जगासाठी फाशांऐवजी पत्त्यांवर चालणारी नवी खेळपद्धती काढली. तिला साजेशा कादंबऱ्या जीन रेब यांनी लिहिल्या. जुन्या वाचकांना आपली माणसे आणि आपले देव दोन्ही गमावल्यासारखे झाले. वाइस आणि हिकमन २००० मध्ये परतले आणि त्यांनी नव्या मालिकेत देव परत आणले, म्हणजे मधली काही वर्षे जवळपास खोडून काढली. ती वर्षे निष्ठेने वाचणाऱ्याची यात फसगत झाली.

'अवतार' मालिका इतकी बदनाम का आहे?

कारण ती नियमपुस्तकाच्या नव्या आवृत्तीची जाहीर सूचना म्हणून लिहिली गेली, आणि ते लपत नाही.

१९८९ मध्ये खेळाच्या प्रगत नियमांची दुसरी आवृत्ती येणार होती. काही मंत्र बदलणार होते, आणि 'असॅसिन' म्हणजे मारेकऱ्याचा क्लास (पात्राचा व्यवसायप्रकार) नियमांतून वगळला जाणार होता. एखाद्या खेळाच्या नियमांत बदल झाला तर तेवढे सांगून मोकळे होता येते. परंतु फरगॉटन रेल्म्सच्या जगात या बदलाला कारण असावे असे ठरले. म्हणून 'शॅडोडेल', 'टँट्रस' आणि 'वॉटरडीप' या तीन कादंबऱ्यांत नियतीच्या पाट्या चोरीला जातात, संतापलेला सर्वोच्च देव एओ इतर सर्व देवांना मर्त्य शरीरांत पृथ्वीवर ढकलतो, जादू बेभरवशाची होते, आणि त्या गोंधळात मारेकऱ्यांची सरसकट कत्तल होते. नियमांतून क्लास गेला, म्हणून कथेतून माणसे गेली.

वास्तविक देव माणसांत उतरून भुकेले, जखमी आणि क्षुद्र होतात ही कल्पना फार समृद्ध आहे. मिडनाइट ही जादूगार स्त्री, केलेमव्हॉर हा शापित योद्धा, एडन हा श्रद्धा ढासळलेला पुरोहित आणि सिरिक हा चोर ही चार पात्रेही टाकाऊ नाहीत. सिरिकचा हळूहळू होणारा अधःपात तर वाचनीय आहे. परंतु कोणता देव मरणार आणि कोणता मर्त्य त्याच्या जागी बसणार हे देवांच्या नव्या कोष्टकासाठी आवश्यक होते, आणि पात्रे त्या कोष्टकाकडे ढकलली जात आहेत हे शेवटाकडे स्पष्ट जाणवते.

खेळणाऱ्यांवर तर दुहेरी अन्याय झाला. याच तीन नावांच्या साहसपुस्तिकाही निघाल्या, आणि त्यांत खेळाडूंची पात्रे कादंबरीच्या नायकांच्या मागे फिरतात, तर महत्त्वाच्या क्षणी निर्णायक कृती ते नायक करतात. ज्या खेळाचे सारे सुख स्वतः निर्णय घेण्यात आहे, त्या खेळात टेबलाभोवतीची माणसे दुसऱ्यांच्या पराक्रमाची प्रेक्षक झाली.

या तीन पुस्तकांवर रिचर्ड ऑलिन्सन हे नाव आहे. हे लेखक कोण?

असे कुणी लेखक नाहीत. ते कंपनीचे सामायिक टोपणनाव होते. पहिली दोन पुस्तके स्कॉट सिएन्सिन यांनी आणि तिसरे ट्रॉय डेनिंग यांनी लिहिले. पुढच्या आवृत्त्यांवर त्यांची खरी नावे आली.

कंपनीने यातून काही धडा घेतला का?

नाही, आणि तिच्या जागी आलेल्या कंपनीनेही नाही. २००८ मध्ये चौथी आवृत्ती आली तेव्हा त्याच जगावर 'स्पेलप्लेग' नावाचे जादुई अरिष्ट कोसळले आणि काळ जवळजवळ शंभर वर्षे पुढे सरकवला गेला. त्यामुळे चालू मालिकांतली बरीचशी माणसे वयोमानानेच निकालात निघाली. पाचव्या आवृत्तीच्या वेळी, २०१३ व २०१४ मध्ये, सहा लेखकांच्या सहा कादंबऱ्यांची 'द संडरिंग' ही मालिका काढून त्यातले पुष्कळसे पूर्ववत करण्यात आले.

ग्रेहॉक हे तर गायगॅक्स यांचे स्वतःचे जग. तिथल्या कादंबऱ्या तरी बऱ्या असतील?

ग्रेहॉकची कथा पुस्तकांपेक्षा पुस्तकांमागच्या घडामोडींसाठी जास्त रंजक आहे. गायगॅक्स यांची गॉर्ड या चोराविषयीची पहिली कादंबरी 'सागा ऑफ ओल्ड सिटी' १९८५ मध्ये आली. भिकाऱ्यांच्या वस्तीत वाढलेल्या पोराची ती गोष्ट असून तिचा पूर्वार्ध चांगला जमला आहे. शब्दांचा सोस आणि लढायांची आवड लेखकाला आवरत नाही, तरी शहर खरे वाटते. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीवरचा त्यांचा ताबा गेला. गॉर्ड हे पात्र त्यांच्याकडे राहिले, ग्रेहॉक हे जग कंपनीकडे.

कंपनीने त्या जगातल्या पुढच्या पाच कादंबऱ्या रोझ एस्टेस यांच्याकडून लिहवून घेतल्या. एस्टेस यांनी १९८२ मध्ये मुलांसाठी 'एंडलेस क्वेस्ट' ही वाचकाने पर्याय निवडत वाचायची पुस्तके सुरू केली होती आणि ती उत्तम चालली होती. मिका या लांडगेपालक जमातीतल्या तरुणाच्या या पाच कादंबऱ्या मात्र फसल्या. नायक आत्मकेंद्री आहे, ते चालले असते. पण त्याचे आत्मकेंद्रीपण कथेच्या कामी येत नाही, आणि ग्रेहॉकची नावे वगळली तर हे जग कुठलेही असू शकले असते.

गायगॅक्स यांनी गॉर्डच्या पुढच्या बहुतेक कादंबऱ्या दुसऱ्या प्रकाशनाकडून काढल्या आणि १९८८ च्या शेवटच्या पुस्तकात आपण निर्माण केलेले ते जगच नष्ट करून टाकले. कादंबरी म्हणून ते पुस्तक विस्कळीत आहे, पण लेखकाचा राग त्यात खरा आहे, आणि या यादीतल्या अनेक गुळगुळीत पुस्तकांपेक्षा ते माझ्या जास्त लक्षात राहिले.

कादंबऱ्यांमुळे खेळाचे जगच बिघडले असेही झाले आहे का?

डार्क सन हे त्याचे ठळक उदाहरण आहे. १९९१ मध्ये आलेल्या या होरपळलेल्या वाळवंटी जगाचे आकर्षण म्हणजे अजिंक्य वाटणारे जुलमी जादूगार राजे. ट्रॉय डेनिंग यांच्या पाच कादंबऱ्यांत १९९३ पर्यंत त्यांतले कित्येक मारले गेले, आणि १९९५ च्या सुधारित संचाने ते सारे अधिकृत मानले. जी लढाई खेळाडूंनी लढायची, ती कादंबरीतल्या माणसांनी आधीच जिंकली होती.

दोष लेखकांचाच नाही का?

थोडा आहे, सुमार वाक्ये कुणीतरी लिहिलेलीच असतात. परंतु परिस्थिती पाहावी. पात्रे, जग आणि नावे कंपनीच्या मालकीची असत. जगाचा नकाशा आधीच छापलेला, पुढच्या वर्षीची उत्पादने आधीच ठरलेली, आणि पुस्तक त्या वेळापत्रकात बसवायचे असे. फरगॉटन रेल्म्सची पहिली कादंबरी, डग्लस नाइल्स यांची १९८७ ची 'डार्कवॉकर ऑन मूनशे', मुळात वेगळ्याच, केल्टिक धर्तीच्या जगासाठी योजलेली होती. ते जग निघाले नाही म्हणून तिची बेटे एड ग्रीनवुड यांच्या नकाशात बसवण्यात आली. ज्याला शेवट ठरवण्याचा अधिकार नाही, त्या लेखकाने वाचकाला शेवटाची उत्कंठा कशी लावावी?

ड्रिझ्टच्या कादंबऱ्यांचे काय?

आर. ए. साल्वातोरे यांचा हा कृष्णवर्णी एल्फ (मानवसदृश अद्भुत जमातीतला) योद्धा १९८८ च्या 'द क्रिस्टल शार्ड'मध्ये प्रथम आला. संपादिकेला दूरध्वनीवर एक दुय्यम पात्र तातडीने सांगायचे होते, तेव्हा तो ऐनवेळी सुचला, असे साल्वातोरे यांनीच सांगितले आहे. १९९० च्या 'होमलँड'मध्ये त्याच्या भूमिगत नगराची, मातृसत्ताक घराण्यांच्या कारस्थानांची जी घडण आहे, ती या संपूर्ण परंपरेतली एक उत्कृष्ट रचना आहे.

निराशा येते ती लांबीमुळे. ड्रिझ्टचा सोबती वुल्फगार मरतो आणि परततो. त्याआधी दुसरा सोबती ब्रुएनॉर मेल्यासारखा दिसतो आणि परततो. पुढे काळ शंभर वर्षे सरकतो त्या टप्प्यात जुने सोबती एकेक करून खरोखर जातात, ड्रिझ्ट एकटा उरतो, आणि क्षणभर मालिकेला वार्धक्याचे गांभीर्य लाभते. लगेच २०१३ च्या 'द कंपॅनियन्स'मध्ये ते सगळे पुनर्जन्म घेतात. लढायांची वर्णने कौशल्यपूर्ण आहेत, पण त्यांत काय पणाला लागले आहे, हे त्यानंतर सांगता येत नाही.

'बाल्डर्स गेट'ची कादंबरी वाचावी का?

नाही. १९९८ चा संगणकीय खेळ याच टेबलावरच्या नियमांवर बेतलेला आहे. त्याचे कादंबरीरूप फिलिप अथान्स यांनी १९९९ मध्ये केले. खेळात नायक कोण आणि कसा असावा हे प्रत्येक जण स्वतः ठरवतो. कादंबरीत तो अब्देल नावाचा एक दांडगट योद्धा ठरला, आणि ज्यांनी त्या खेळातल्या सोबत्यांबरोबर महिने काढले होते त्यांना ते सोबती ओळखू येईनात.

अशा खेळातून उत्तम कादंबरी निघूच शकत नाही का?

निघते, आणि वारंवार निघाली आहे. स्टीव्हन एरिक्सन आणि इयन एस्लमॉन्ट यांनी मालाझान साम्राज्याचे जग १९८० च्या दशकात आपल्या खासगी डावांसाठी उभारले, आणि 'गार्डन्स ऑफ द मून' १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या जगाचे मालक तेच असल्यामुळे कुणाला मारायचे आणि कोणते साम्राज्य बुडवायचे हे त्यांना कुणाला विचारावे लागले नाही. रेमंड फाइस्ट यांच्या १९८२ च्या 'मॅजिशियन'चे जगही विद्यापीठातल्या मित्रांच्या डावांतून आलेले आहे.

जपानमधले उदाहरण मला अधिक बोलके वाटते. १९८६ पासून 'कॉम्प्टिक' या मासिकात डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या एका मोहिमेचा वृत्तांत टेबलावरच्या संवादांसकट छापला जाऊ लागला, आणि त्यातूनच र्यो मिझुनो यांची 'रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर' ही कादंबरी १९८८ मध्ये आली. तिच्यातली डीडलिट ही एल्फ स्त्री मूळ डावात एका पुरुष खेळाडूने साकारली होती. खेळाचा आनंद वृत्तांताने सांभाळला आणि कथेचा कादंबरीने. एकाच पुस्तकावर दोन्हींचा भार टाकला नाही.

मला आमच्या गटाच्या मोहिमेवर कादंबरी लिहायची आहे. काय टाळावे?

घडले त्या क्रमाने सर्व काही लिहिणे टाळावे. टेबलावर हशा पिकवणारा विनोद तिथल्या पाच माणसांच्या ओळखीवर उभा असतो, आणि वाचकाची ती ओळख नसते. सोबत्यांपैकी दोघातिघांनाच कथेत घ्यावे, बाकीच्यांची समजूत काढावी. फाशांनी जे घडवले त्याला कादंबरीत पात्राच्या स्वभावातून कारण द्यावे, आणि कारण सापडत नसेल तर तो प्रसंग गाळावा, मग तो खेळताना कितीही रंगला असो. खेळाच्या प्रकाशकाची खास नावे, देव आणि राक्षस वापरले तर ते पुस्तक परवानगीशिवाय विकता येणार नाही, हेही सुरुवातीलाच लक्षात घ्यावे.

आपल्याकडे ही पुस्तके क्रमाने मिळत नाहीत. मुंबईत फाउंटनच्या पदपथावर मधलाच एखादा भाग हाती लागला, तर घ्यावा का?

भागावर अवलंबून आहे. 'होमलँड' एकटे वाचता येते. केट नोव्हाक आणि जेफ ग्रब यांची 'अझुर बाँड्स' आणि क्रिस्टी गोल्डन यांची रेव्हनलॉफ्टमधली 'व्हॅम्पायर ऑफ द मिस्ट्स' ही पुस्तकेही मागचे काही ठाऊक नसताना कळतात. 'लेजेंड्स'चा पहिला भाग मिळाला तर घ्यावा, पण दुसरा व तिसरा मिळेपर्यंत सुरुवात करू नये, कारण तो अगदी अडनिड्या जागी थांबतो. 'अवतार' मालिकेतले सुटे पुस्तक स्वस्त असले तरी ठेवून द्यावे, आणि मिकाच्या पाच कादंबऱ्यांपैकी कोणतीही दिसली तर तिचे मुखपृष्ठ पाहून पुढे सरकावे.